मास्टोडॉन, ब्लूस्काय की हाइव्ह: आधी बिल कोण भरतंय ते बघा

मोठ्या कंपन्यांचा सोशल मीडिया सोडून दुसरीकडे जायचं ठरवताय तर फीचर्स नंतर बघा, आधी सर्व्हरचं बिल कोण भरतंय ते बघा, तुमच्याशी कसं वागणार हे बरंचसं तिथेच ठरतं.

मास्टोडॉन 2016 पासून आहे, एकमेकांशी जोडलेल्या अनेक वेगवेगळ्या सर्व्हरचं हे सोशल नेटवर्क. सॉफ्टवेअर बनवणारी टीम मुख्यतः देणग्यांवर चालते, पण तुमचं अकाउंट ज्या सर्व्हरवर असतं तो चालवणारे वेगळेच लोक, कुठे छोटी संस्था तर कुठे एकच माणूस, आणि खर्च निघतो पॅट्रिऑन, ओपन कलेक्टिव्ह, लिबरापे अशा पैसे गोळा करायच्या साइट्सवर मेंबर लोक जे देतील त्यातून. त्यामुळे जाहिराती सहसा नाहीत, तुम्हाला स्क्रीनला चिकटवून ठेवण्यात कोणाचा फायदा नाही, होम टाइमलाइन सरळ वेळेच्या क्रमाने दिसते. हे मला मनापासून आवडतं. पण अ‍ॅडमिन, म्हणजे सर्व्हर चालवणारा, थकला की सगळं अडतं. मास्टोडॉन डॉट लोल हा सर्व्हर 2023 मधे असाच बंद झाला, सतत होणाऱ्या त्रासाला अ‍ॅडमिन कंटाळला होता, लोकांना शिफ्ट व्हायला काही महिने मिळाले एवढंच. आणि शिफ्ट होताना फॉलोअर्स सोबत येतात, जुन्या पोस्ट येत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. डायरेक्ट मेसेजही एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) नसतात, अ‍ॅडमिनने ठरवलं तर वाचू शकतो. तुमच्या सर्व्हरने दुसरा सर्व्हर ब्लॉक केला तर तिथल्या मित्रांशी बोलणं तुटतं, तुम्हाला विचारतीलच असं नाही.

ब्लूस्काय ट्विटरमधून सुरू झालेला प्रोजेक्ट, 2021 मधे वेगळी कंपनी झाली. 2023 ला 80 लाख डॉलर, 2024 ला दीड कोटी डॉलर गुंतवणूकदारांकडून आले. म्हणून अ‍ॅप गुळगुळीत आहे, फीड स्वतः निवडता येतं, कोणाचं मॉडरेशन लेबल (आक्षेपार्ह पोस्टवर लावलेली खूण) मानायचं तेही निवडता येतं, आणि अकाउंट पोस्टसकट दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतं, इथे ते मास्टोडॉनच्या पुढे आहेत हे मान्य करायलाच हवं. फक्त बहुतेक लोक अजून कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, आणि गुंतवणूकदार कधीतरी परतावा मागणारच, तेव्हा नियम कसे बदलतील याची मला काळजी वाटते.

हाइव्हचं सगळंच वेगळं, ते ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर ठेवलेल्या सामायिक नोंदवहीवर चालतं. इथे पोस्टला टोकन, म्हणजे क्रिप्टो नाणी मिळतात, ती नवीन छापली जातात, म्हणजे खरा खर्च सगळ्याच टोकनवाल्यांच्या खिशातून जातो. ज्याने जास्त टोकन नेटवर्कमधे अडकवून ठेवलेत त्याच्या मताला वजन जास्त, त्याने डाउनव्होट केला तर तुमची कमाई गेली. हाइव्हच्या आधी स्टीम नावाचं असंच नेटवर्क होतं, 2020 मधे क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी त्यामागची स्टीमिट कंपनी घेतली, मग काही क्रिप्टो एक्स्चेंजनी (टोकन खरेदी-विक्रीच्या साइट्सनी) ग्राहकांचे टोकन वापरून सन यांच्या बाजूने मतदान केलं, आणि त्यातूनच लोकांनी मार्च 2020 मधे हाइव्ह वेगळं काढलं. लोकांनी केलेली हिंमत मोठीच आहे, पण वजनाने मत मोजायची पद्धत तशीच राहिली, शिवाय ब्लॉकचेनवर टाकलेलं खरं तर कधीच पुसलं जात नाही. गप्पा मारायला येणाऱ्याने इथे येऊ नये असं माझं स्पष्ट मत.

जुनं लिखाण सोबत न्यायचं असेल तर ब्लूस्काय घ्या. बाकी बहुतेकांना मी मास्टोडॉनच सांगेन, पण सर्व्हर नीट निवडा: अ‍ॅडमिन एकापेक्षा जास्त आहेत का, जमाखर्च उघड मांडतात का, बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सांगायचं कबूल केलंय का, हे 'अबाउट' पानावर बघा, आणि पसंत पडला तर दर महिन्याला थोडे पैसे द्या, तिथे राहायचं तर तेवढं द्यायला हवं.