झाडावर चढून काम: टॉप-हँडल चेनसॉ पेट्रोलचा घ्यावा की बॅटरीचा?

खालच्या कामाला, म्हणजे बुंधा पाडायला आणि ओंडके करायला, पन्नास सीसीच्या आसपासचं मागच्या मुठीचं पेट्रोल मशीन घ्यावं, त्यावर फारसं दुमत नाही. प्रश्न येतो दोरावर लटकून चालवायच्या लहान मशीनचा, म्हणजे मूठ वरच्या बाजूला असलेल्या टॉप-हँडलचा. तिथे दोन्ही बाजूंना चांगला माल आहे. पेट्रोलमध्ये स्टील (Stihl) कंपनीचं एमएस २०१ टी किंवा एकोचं २५ सीसीचं सीएस-२५११टी, बॅटरीत हस्कवर्नाचं टी५४०आय एक्सपी. यातलं कुठलंही घेतलं तरी फसगत होईल असं नाही, पण दिवसभराच्या कामात फरक पडतो.

पेट्रोलची बाजू भक्कम आहे. वाळलेलं, टणक लाकूड आणि एक फुटाच्या पुढची जाडी असली की पेट्रोल मशीन शेवटपर्यंत त्याच जोरात कापतं. टाकी भरली की पुन्हा सुरू. बिघाड झाला तरी प्लग, एअर फिल्टर, कार्ब्युरेटरचं डायफ्रॅम किट, क्लचच्या स्प्रिंगा, एवढ्यात बहुतेक दुखणी मिटतात आणि कुणीही जाणता मेकॅनिक ती मिटवू शकतो. बॅटरी मशीनचा कंट्रोल बोर्ड गेला तर दुरुस्ती होत नाही, बोर्डच बदलावा लागतो.

माझ्यापुरता निकाल लागला तो गरम मशीन पुन्हा सुरू करण्याच्या कटकटीवर.

झाडावरचं कापणं सलग नसतं. पाच सेकंदांचा काप, मग दोर सरकवा, जागा बदला, खालच्या माणसाला फांदी ओढू द्या, यात पाच-दहा मिनिटं जातात. तेवढ्यात सिलिंडरची धग कार्ब्युरेटरपर्यंत चढते, आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि दोरी ओढली तर मशीन नुसतं फुरफुरतं. माणूस वैतागून चोक ओढतो. इथेच घोटाळा होतो, कारण इंजिन गरम असताना चोक दिला की प्लग ओला होतो. खरा उपाय असा: चोक दिला असेल तर काढायचा, पर्ज बल्ब (कार्ब्युरेटरमध्ये ताजं पेट्रोल ओढणारा रबरी फुगा) असेल तर चार-पाच वेळा दाबायचा, चेन ब्रेक लावायचा आणि चोक न देता ओढायचं. प्लग ओला झालाच तर थ्रॉटल पूर्ण दाबून धरून सात-आठ वेळा ओढायचं. जमिनीवर, मशीन टेकवून दाबून धरून, हे सहज होतं. वर एक हात थ्रॉटलवर, एक दोरीवर. मग मशीन धरणार कोण? ते लॅनयार्डवर, म्हणजे हार्नेसला बांधलेल्या आखूड दोरावर, झुलतं, आणि बारचं (चेन ज्यावर फिरते त्या पट्टीचं) टोक नेमकं चढायच्या दोराकडे वळतं.

म्हणून बरेच जण मशीन बंदच करत नाहीत, चेन ब्रेक लावून आयडलवर कमरेला लटकवतात. मग धूर तोंडावर येतो. आयडल थोडं जास्त असेल किंवा क्लचची स्प्रिंग ढिली असेल तर ब्रेक सोडताच थ्रॉटल न दाबताही चेन सरकते. गरम सायलेन्सर दोराला टेकण्याची भीती वेगळीच. डायनिमा या कृत्रिम धाग्याचा दोर १४५ अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतो.

बॅटरी मशीनला यातलं काहीच नाही. बोट सोडलं की चेन थांबते, पुन्हा दाबलं की चालते. मधल्या शांततेत खालच्या माणसाचं बोलणं ऐकू येतं, हा फायदा कुठल्याही कोष्टकात दिसत नाही. मशीन महिनाभर पडून राहिलं तरी कार्ब्युरेटर चिकटत नाही. बॅटरी निम्मी चार्ज करून थंड जागी ठेवली की झालं.

तरी तिच्या खोडी आधीच सांगितलेल्या बऱ्या. पेट्रोल मशीनमध्ये टाक्यांची मापं अशी जुळवलेली असतात की इंधन आधी संपतं, चेन ऑइल नंतर. बॅटरी मशीनला हा हिशेब नसतो. ऑइल संपलं तरी ते चालत राहतं आणि बार तापून निळा पडतो. प्रत्येक बॅटरी बदलताना ऑइल बघायचंच. बारचं टोक फिकट पृष्ठभागासमोर धरून मशीन क्षणभर फिरवा. ऑइलची बारीक रेघ उमटली पाहिजे. बोथट किंवा फार ताणलेली चेन पेट्रोलवर खपून जाते, बॅटरीवर मात्र चार्ज डोळ्यांदेखत उतरतो. कानस चेनच्या पिचप्रमाणे (कड्यांच्या अंतराच्या मापाप्रमाणे) घ्या: पाव इंची लो-प्रोफाइल चेनला बहुधा ३.२ मिमीची, ३/८ लो-प्रोफाइलला ४ मिमीची. पाव इंची चेन पातळ काप देते, पण काप मिटून चेन आवळली गेली की बारवरून उतरू शकते. आणि आवाज नाही म्हणजे मशीन बंद आहे असं नव्हे. चेनला हात लावण्याआधी बॅटरी बाहेर काढा.

बॅटऱ्या माणशी तीन धरा: एक मशीनमध्ये, एक चार्जरवर, एक थंड होत. तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही, म्हणून दोनवर भागवलं की दुपारी खोळंबा ठरलेला. चार्जिंगची सोय नसलेल्या जागी दिवसभर मोठी झाडं उतरवायची असतील तर पेट्रोल घ्या, उगाच हट्ट नको. छाटणी, विरळणी, वस्तीजवळची कामं जास्त असतील तर बॅटरीकडे झुकायला माझ्या मते हरकत नाही.

एकाच टॉप-हँडलवर वर-खाली दोन्ही भागवायचा विचार मात्र सोडा. दोन्ही मुठी जवळजवळ असल्याने जमिनीवर वाकून कापताना किकबॅक (बारचं टोक अडकून मशीन अंगावर उसळणं) सावरत नाही. आणि वजनाची तुलना करताना छापील आकडे नीट वाचा: पेट्रोलचे बहुधा इंधन आणि बार सोडून दिलेले असतात, बॅटरीचे बॅटरी सोडून. बॅटरीचंच वजन एक किलोच्या वर जाऊ शकतं. बार, चेन, बॅटरी किंवा भरलेली टाकी, सगळं लावून हार्नेसला टांगून बघा आणि मग ठरवा.