मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी बँकॉकला गेलो, पण फसलो ते दादरमध्येच

माझे यजमान चाळीस वर्षे छपाईच्या धंद्यात होते. प्रभादेवीच्या गाळ्यात दिवसाचे दहा-दहा तास यंत्रापाशी उभे राहून आणि कागदाची रिमे उचलून त्यांनी संसार केला, आणि २०२३च्या पावसाळ्यात त्यांना दादर स्टेशनपासून घरापर्यंतचे अंतरही एका दमात चालता येईनासे झाले. शंभरेक पावले टाकली की दोन्ही पोटऱ्या शिशासारख्या जड होत, मग ते एखाद्या दुकानाच्या पायरीवर बसत किंवा पुढे वाकून कठड्याला टेकत, आणि दोन मिनिटांनी पुन्हा चालू लागत. एमआरआयमध्ये कारण दिसले. कमरेचा चौथा मणका पाचव्यावरून थोडा पुढे सरकला होता आणि त्या जागी नसांची वाट अरुंद झाली होती. परळच्या ज्या डॉक्टरांना आम्ही दाखवत होतो, त्यांनी आधी तीन महिने औषधे आणि व्यायाम करून पाहायला सांगितले, आणि त्याने भागले नाही तेव्हा ती एकच पातळी, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली एल-फोर एल-फाइव्ह, मोकळी करून स्क्रूने पक्की करावी लागेल असे सांगितले.

हा सल्ला योग्य होता हे मी आज लिहू शकते, पण तेव्हा आम्ही घाबरलो. मणक्याला सुरी लागली की माणूस अंथरुणाला खिळतो, हे आमच्या पिढीने लहानपणापासून ऐकलेले आहे, आणि ही भीती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगून तिचे निरसन करून घेण्याऐवजी आम्ही ती मनात ठेवली. ज्याने आम्हाला फसवले त्याने नेमकी तीच हेरली.

नोव्हेंबर महिन्यात दादरमधल्या एका सभागृहात मोफत मणका तपासणी शिबिर होते. तिथे भेटलेला हा गृहस्थ परदेशी रुग्णालयांत रुग्ण नेणारा मध्यस्थ, अत्यंत मृदू बोलणारा, आपल्याच बाजूचा, आम्हाला काका-काकू म्हणणारा. दुसऱ्याच दिवशी तो घरी आला, देवाला नमस्कार करून यजमानांच्या पाया पडला, आणि एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरून म्हणाला की मुंबईच्या डॉक्टरांनी खालची पातळी पाहिलीच नाही, एल-फाइव्ह एस-वनसुद्धा खराब आहे, एकच पातळी केली तर दोन वर्षांत पुन्हा ऑपरेशन. बँकॉकच्या एका रुग्णालयात जर्मनीत शिकलेले शल्यचिकित्सक दोन्ही पातळ्या एकदम, लेसरने, जवळजवळ टाक्यांशिवाय करतात, आणि तिसऱ्या दिवशी रुग्ण चालत बाहेर पडतो. विमान, राहणे, दुभाषा, रुग्णालय, सर्व मिळून साडेसतरा लाख रुपये.

स्क्रू आणि केज, म्हणजे दोन मणक्यांच्या मधे बसवायचा छोटा ठोकळा, बसवण्याचे काम लेसरने होत नाही, त्यासाठी छेद घ्यावाच लागतो. ही साधी गोष्ट आमच्या परळच्या डॉक्टरांनी एका वाक्यात सांगितली असती, पण आम्ही त्यांना विचारलेच नाही, कारण त्या गृहस्थाने सुचवले होते की इथल्या डॉक्टरांना विचारलेत तर ते आपला रुग्ण सोडणार नाहीत. एखादा मध्यस्थ तुम्हाला तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांशी बोलू नका असे सांगतो, मग ते कितीही गोड शब्दांत का असेना, तेव्हा तिथेच थांबावे.

पैशांच्या बाबतीत त्याने जे केले ते मी सविस्तर लिहिते, कारण सुशिक्षित माणसेही यात अडकतात. परदेशी उपचारांसाठी आपल्याला बँकेतून थेट रुग्णालयाच्या खात्यात रक्कम पाठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत ही मुभा आहे आणि बँक त्यासाठी ए-टू अर्ज भरून घेते. त्या वेळच्या नियमाप्रमाणे उपचारांसाठी सात लाखांवर जाणाऱ्या रकमेवर बँक पाच टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ गोळा केला जाणारा प्राप्तिकर, कापत असे. त्याने आम्हाला हिशेब मांडून दाखवला की साडेदहा लाखांवर साडेबावन्न हजार रुपये विनाकारण जातील, त्यापेक्षा तुम्ही माझ्या इथल्या खात्यात रुपयांत भरा, पुढचे मी पाहतो. जे त्याने सांगितले नाही ते असे की टीसीएस हा काही बुडणारा पैसा नव्हे. तो आपल्या पॅनवर जमा होतो, प्राप्तिकर खात्याच्या नोंदीत, म्हणजे तेव्हाच्या २६एएसमध्ये, दिसतो आणि विवरणपत्र भरताना करातून वळता होतो किंवा परत मिळतो. साडेबावन्न हजार वाचवण्याच्या नादात आम्ही साडेसतरा लाख दोन हप्त्यांत त्याच्या चालू खात्यात भरले, आणि त्या क्षणापासून रुग्णालयाच्या दृष्टीने पैसे देणारे आम्ही राहिलोच नाही. पावतीवर 'सल्ला व सेवा शुल्क' एवढेच लिहिले होते. आमची मेडिक्लेम पॉलिसी भारताबाहेरच्या उपचारांना लागू नव्हती. प्रवास विमा तर ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेला लागूच होत नाही.

४ फेब्रुवारी २०२४ रोजी आम्ही बँकॉकला उतरलो. दाखल होताना इंग्रजी आणि थाई मजकुराचे दहा-बारा कागद समोर आले. त्या गृहस्थाचा तिथला माणूस बोट ठेवत गेला आणि यजमान सह्या करत गेले. त्यातला एक कागद रुग्णाच्या प्रतिनिधीचा होता. नाते या रकान्यात त्या माणसाने 'पुतण्या' असे लिहिले होते आणि संपर्कासाठी स्वतःचा फोन व ईमेल दिला होता, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. पुढची प्रत्येक गोष्ट, बिल, सूचना, तपासण्यांचे अहवाल, त्या 'पुतण्या'कडे गेली. मी पत्नी म्हणून पलंगाशेजारी बसले होते आणि कागदोपत्री कोणीच नव्हते.

रुग्णालयातील शुश्रूषेबद्दल मात्र मला खोटे लिहायचे नाही. ६ तारखेला शस्त्रक्रिया झाली. जर्मनीत शिकलेले ते डॉक्टर काही दिसले नाहीत. दुसरेच शल्यचिकित्सक होते, आणि त्यांनी काम नीट केले हे पुढे मुंबईतही मान्य झाले. परिचारिका दोघी-दोघी मिळून यजमानांना ओंडक्यासारखे एकसंध कुशीवर वळवत, जेणेकरून कमरेला पीळ बसू नये. दुसऱ्याच दिवशी पट्टा बांधून त्यांना उभे केले, आणि फुप्फुसांसाठी तीन गोळ्यांच्या नळीतून दर तासाला श्वास ओढायला लावला. सकाळी तांदळाची मऊ पेज येई, तिला तिकडे जोक म्हणतात, आणि ती पाहून यजमान पहिल्यांदा हसले.

तिसऱ्या रात्री एक तरुण परिचारिका मोबाइलवर भाषांतर करून हिंदीत विचारत होती की पायाला मुंग्या येतात का. तेव्हा मीही तिच्या फोनवर बोलून विचारले की किती जागी स्क्रू बसवले, दोन ना? तिने वाचले, मान हलवली आणि एक बोट वर केले. मला वाटले ती 'एक मिनिट' म्हणते आहे, कारण तेवढ्यात शेजारच्या खोलीची घंटा वाजली आणि ती धावत गेली. सकाळी दुभाष्याला विचारले तर तोही म्हणाला, हो काकू, एक मिनिट असंच म्हणाली असेल. ते बोट आजही माझ्या डोळ्यांसमोर येते. ती मला खरे उत्तर देऊन गेली होती.

१० तारखेला रुग्णालयातून सुटका झाली आणि १३ तारखेच्या विमानाची तिकिटे आमच्या हातात ठेवली गेली. मी विचारले की टाके कोण काढणार, तर उत्तर मिळाले की डॉक्टरांनी परवानगी दिली आहे, टाके मुंबईत कुठेही निघतील. १५ तारखेला घरी यजमानांची डावी पोटरी सुजून तट्ट झाली आणि हात लावला तरी दुखू लागली. डॉप्लर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गाठ निघाली. ताज्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर रक्त पातळ करण्याची औषधे देणे जोखमीचे, कारण आतल्या जखमेत रक्तस्राव होऊन नसा दबू शकतात, आणि न द्यावीत तर गाठ फुप्फुसात जाऊन प्राणावर बेतू शकते. ज्या परळच्या डॉक्टरांना आम्ही न सांगता निघून गेलो होतो, त्यांनीच ते दोन दिवस आमच्यासाठी जागून काढले. एका शब्दाने बोल लावला नाही. तीन महिने औषध चालले आणि गाठ विरघळली.

त्यांनीच उभे राहून एक्स-रे काढायला सांगितला आणि तो दिव्याच्या पेटीवर लावला. आमच्याजवळच्या कागदांप्रमाणे दोन पातळ्या, सहा स्क्रू आणि दोन केज होते. फिल्ममध्ये चार स्क्रू होते आणि एक केज. खालची एल-फाइव्ह एस-वनची जागा कोणी शिवलेलीही नव्हती. डॉक्टर म्हणाले, "जेवढं करायला हवं होतं तेवढंच केलंय, आणि चांगलं केलंय." यजमानांच्या प्रकृतीच्या दृष्टीने ही आनंदाची गोष्ट होती, पण माझ्या पायाखालची जमीन सरकली, कारण दुसऱ्या पातळीचे पैसे आम्ही भरले होते आणि ती केल्याचे रुग्णालयाच्या नावाचे, शिक्क्याचे बिल माझ्या पिशवीत होते.

फसवणूक उघड झाली ती मनगटावरच्या पट्टीमुळे. रुग्णालयात बांधलेली ती प्लास्टिकची पट्टी मी कापून देवघराच्या खणात ठेवली होती, बरे होऊन आल्याची खूण म्हणून. तिच्यावर एचएन, म्हणजे रुग्णालयाचा रुग्ण क्रमांक होता. औषधांच्या रिकाम्या पाकिटांवरही, जिथे थाई पद्धतीने बुद्धाब्द २५६७ हे साल छापलेले होते, तोच क्रमांक होता. आमच्या मुलाने बिल शेजारी ठेवले, तर बिलावरचा क्रमांक वेगळा निघाला. मग आम्ही पासपोर्टची प्रत, पट्टीचे छायाचित्र आणि यजमानांच्या सहीचा अर्ज जोडून थेट रुग्णालयाच्या अभिलेख विभागाला लिहिले. पाच आठवड्यांनी खरे कागद आले. नियोजन पहिल्या दिवसापासून एकाच पातळीचे होते. खरे बिल ३,८४,६०० बाटचे, म्हणजे सुमारे नऊ लाख रुपयांचे होते. आणि सुटकेच्या सूचनांमध्ये स्पष्ट इंग्रजीत लिहिले होते की २० फेब्रुवारीला जखम दाखवून टाके काढावेत आणि त्याआधी विमानप्रवास करू नये. हा कागद त्या 'पुतण्या'च्या ईमेलवर वेळेत पोहोचला होता. पैसे गेले त्याचे दुःख मी गिळू शकते. हा कागद दाबून ठेवल्याबद्दल मी त्या माणसाला क्षमा करू शकत नाही.

रुग्णालयाकडूनही चूक झाली असे मी मानते. परक्या आडनावाच्या, वेगळ्या शहरातल्या माणसाला पुतण्या मानताना त्यांनी पलंगाशेजारच्या पत्नीला एकदा विचारायला हवे होते, आणि जिच्या नवऱ्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया होते तिला सूचनांची एक छापील प्रत हातात द्यायला हवी होती.

ज्यांच्या घरी आज अशीच बोलणी चालली असतील त्यांना मी कळकळीने सांगते की रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवरून स्वतःच्या नावाने अंदाजपत्रक मागवा, आणि त्यात शल्यचिकित्सकाचे नाव, पातळी, स्क्रू व केज यांची संख्या आणि परतीच्या प्रवासाची सर्वांत लवकरची तारीख लिहून घ्या. थायलंडच्या वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर डॉक्टरांची नोंदणी नावावरून पाहता येते. आम्हाला सांगितलेले नाव तिथेही नाही आणि त्या रुग्णालयाच्या यादीतही नाही, आणि हे पाहायला आमच्या मुलाला दहा मिनिटेही लागली नाहीत. दुभाषा रुग्णालयाचा घ्या, मध्यस्थाचा नको. बसवलेल्या स्क्रू व केजच्या लॉट क्रमांकांच्या नोंदीची किंवा लेबलांची प्रत मागून घ्या. आणि मुंबईत केईएम, सायन, नायर यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतही अशा शस्त्रक्रिया होतात, तेव्हा दुसरे मत घ्यायचे असेल तर विमानतळ गाठण्याआधी तिथल्या ओपीडीची रांग गाठा.

पोलिसांनी तक्रार नोंदवून घेतली आहे. घटना १ जुलै २०२४ पूर्वीची असल्यामुळे तिला भारतीय न्याय संहिता नव्हे, तर जुनी भारतीय दंड संहिता लागू होते, आणि त्यातील फसवणूक व बनावट दस्तऐवजाची ४२०, ४६८ आणि ४७१ ही कलमे लावली आहेत. जिल्हा ग्राहक आयोगातही आम्ही वेगळी तक्रार केली. २०१९च्या कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथेच ती करता येते, दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि आमच्या रकमेसाठी शुल्क चारशे रुपये पडले. पुष्कळ लोक खर्चाच्या भीतीने तिथवर जातच नाहीत म्हणून हा आकडा मुद्दाम लिहिला. त्या गृहस्थाच्या वकिलाने उत्तरात म्हटले आहे की बिल आमच्याच घरी बनवले गेले. पुढच्या तारखेला मनगटावरची ती पट्टी आणि औषधांची पाकिटे मूळ स्वरूपात सादर करायची आहेत. मी ती देवघरातून काढून प्लास्टिकच्या लिफाफ्यात घातली आहेत, आणि यजमान म्हणतात की आयोगाच्या कचेरीपर्यंत ते टॅक्सी न करता चालत येणार आहेत.