जुनी जपानी कुंडी घ्यायचीये? तोकोनामे की तोफुकुजी

बोन्सायची जुनी हातघडणीची जपानी कुंडी घ्यायची ठरवली की बहुतेकांची गाडी या दोन नावांवर येऊन अडते. माझं मत आधीच सांगतो, कुंडीत झाड लावणार असाल तर तोकोनामे घ्या, संग्रहासाठीच घ्यायची असेल तर तोफुकुजीचा विचार करा, पण ती फोटो बघून अनोळखी सेलरकडून अजिबात नको.

तोकोनामे हे आइची प्रांतातलं कुंभारांचं गाव, जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांमध्ये त्याचं नाव घेतात. मेइजी काळात (1868–1912) इथे मातीचे ड्रेनेज पाइप ढिगाने बनले, आजही एका चढावरची एका बाजूची भिंत त्याच पाइपांची आहे. सांगायचा मुद्दा म्हणजे माती दणकट, लोह भरपूर, त्यामुळे बिनग्लेझची, म्हणजे वरून काचेसारखा चकचकीत थर नसलेली कुंडी भाजून तांबूस-तपकिरी होते आणि पाइन, जुनिपरखाली जी शोभते ती दुसरी कुठली शोभत नाही. तांबड्या मातीसाठी यामाआकी, ग्लेझसाठी कोयो ही तिथल्या कुंड्या बनवणाऱ्यांची नावं लक्षात ठेवा. माल भरपूर बनलाय म्हणून बाजारात मिळतो, आणि रोजच्या पाण्याला नीट टिकतो.

तोफुकुजी म्हणजे क्योतोचे कुंभार मिझुनो (1890–1970), तोफुकुजी देवळाच्या भागात राहायचे म्हणून कुंड्यांवर तेच नाव. पैसा नव्हता, स्वतःची धड भट्टी नव्हती, दुसऱ्यांच्या भट्टीत जागा मिळेल तिथे भांडी भाजून घ्यायचे, त्यामुळे एकच ग्लेझ एका कुंडीवर गडद हिरवं तर दुसरीवर फिकट, ओघळलेलं आलेलं दिसतं, आणि मला तरी त्यांच्या कामात हेच सगळ्यात जास्त आवडतं. कुंड्या बहुतेक लहान, शोहिन म्हणजे साधारण 20 सेंमीपर्यंतच्या झाडांसाठीच्या. पण काही कमी तापमानाला भाजलेल्या, सच्छिद्र, कडाक्याच्या थंडीत ओली माती गोठली तर तडकू शकतात. किंमत तर विचारूच नका, एवढ्याशा कुंडीला मोठ्या तोकोनामेपेक्षा कितीतरी जास्त पडतात.

आणि नकली माल! तोफुकुजींनी बरेच वेगवेगळे स्टॅम्प, म्हणजे कुंडीवर उमटवलेले नावाचे शिक्के वापरले, त्यामुळे स्टॅम्प जुळला म्हणून कुंडी खरी असं होत नाही. उलटी करून बघा, पायांच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्यात का, पाणी जायच्या भोकांच्या आत क्षार साचलेत का. खरा जुनेपणा खाचाखोचांत जास्त आणि हात लागतो तिथे कमी असतो. सगळीकडे सारखी तेलकट चमक असेल तर कोणीतरी काहीतरी चोळलंय, ओल्या सुती कापडाने कोपरा पुसून बघा म्हणजे कधी कधी कळतं. ही तपासणी तोकोनामेलाही लावा, फक्त तिथे फसलात तरी नुकसान थोडं.

कुंडीसोबत लाकडी पेटी असेल तर उत्तमच, पण पेटी एकाची नि कुंडी दुसऱ्याची असंही होतं, म्हणून पेटीवरचं नाव, माप आणि आकार हातातल्या कुंडीशी ताडून बघा. भारतात मागवताना सेलरकडून दोन बॉक्सचं पॅकिंग आधीच लेखी कबूल करून घ्या, आतला बॉक्स बाहेरच्याला कुठेच टेकता कामा नये, आणि पाय वेगळे गुंडाळायला सांगा, कारण पहिला टवका तिथूनच उडतो.