घटना दुरुस्तीचं पॅकेज: सभेचा भाग भक्कम, निवड समितीचं कलम कच्चं

कोल्हापुरातल्या तालीम मंडळांना आणि जिल्हा क्रीडा संघटनांना घटना (म्हणजे संस्थेची नियमावली) दुरुस्त करून देणाऱ्या एका सल्लागार कार्यालयाचं पॅकेज आम्ही कलमवार तपासलं. संस्थांच्या सभा, हिशेब आणि धर्मादाय कार्यालयातली कामं हा आमचा रोजचा विषय. कार्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही. खाली सांगितलेले दोष कुणा एकाचे नाहीत, पिढ्यान् पिढ्या टाइप होत आलेल्या साच्याचे आहेत.

पॅकेजमध्ये घटनेचा पूर्ण मसुदा, जुन्या-नव्या कलमांचा तक्ता, विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस, हजेरीपत्रक, ठरावाचे नमुने आणि चेंज रिपोर्ट (संस्थेतला बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणारा अर्ज) दाखल करून देण्याचं काम येतं. पैसे दोन हप्त्यांत: निम्मे मसुदा हातात आल्यावर, निम्मे चेंज रिपोर्ट दाखल झाल्यावर.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे तो तक्ता. डावीकडे जुनं कलम जसंच्या तसं, मधे नवं, उजवीकडे दोन ओळींत बदलाचं कारण. सभेत बसलेल्या साध्या सभासदाला काय बदलतंय हे पाच मिनिटांत कळतं. 'घटनेत आवश्यक त्या दुरुस्त्या करण्यास मंजुरी' एवढ्याच ओळीवर हात वर करून घेतलेले ठराव पुढे कसे आव्हानात सापडतात हे या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत आहे. हा तक्ता तो धोका बराच कमी करतो.

सभेचा भागही काळजीने केलेला आहे. आपल्याकडच्या बहुतेक क्रीडा संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली अशा दुहेरी नोंदलेल्या असतात. उद्देशच बदलायचा असेल तर १८६० च्या कायद्याचं कलम १२ लागू होतं: लेखी प्रस्ताव सभेच्या १० दिवस आधी प्रत्येक सभासदाला, पहिल्या विशेष सभेत सभासदांच्या तीन पंचमांश मतांची मंजुरी, मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा आणि तिथे हजर असलेल्यांच्या तीन पंचमांश मतांनी कायम. बाकीच्या नियमांसाठी संस्थेच्या घटनेतली दुरुस्तीची रीत चालते. अनेक मसुदे या दोन्हींची खिचडी करतात. इथे दोन्हींसाठी वेगळी नोटीस आणि वेगळा ठराव दिला आहे, ते अगदी बरोबर.

त्याहून महत्त्वाचं, तहकूब सभेचं कलम. जुन्या घटनांत हमखास असतं: गणपूर्ती (ठरलेली किमान हजेरी) झाली नाही तर सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. वार्षिक हिशेब मंजूर करायला हे ठीक आहे. पण याच वाटेने पंधरा-वीस माणसं सगळी घटना बदलू शकतात. या मसुद्यात 'घटना दुरुस्ती, विसर्जन आणि स्थावर मालमत्तेचे विषय तहकूब सभेत घेता येणार नाहीत' असं स्पष्ट आहे. पॅकेजचे अर्धे पैसे या एका वाक्यात वसूल होतात असं आमचं मत आहे.

आता कच्चा भाग. कार्यकारिणी ९ जणांची, तिची नावं सुचवायला ५ जणांची निवड समिती, इथपर्यंत ठीक. पण पुढची ओळ अशी: 'निवड समितीची नेमणूक कार्यकारिणी करील.' म्हणजे जे खुर्चीत आहेत तेच आपल्या वारसांना निवडणाऱ्यांना निवडणार. समितीला 'स्वतंत्र' हे विशेषण लावलं म्हणून ती स्वतंत्र होत नाही.

हे कलम इतकं लावून धरायचं कारण न्यूझीलंड रग्बी. जगातल्या सगळ्यात मातब्बर रग्बी संघटनेत कारभार सुधारणेचं भांडण शेवटी संचालक कसे निवडायचे या एकाच मुद्द्यावर आलं. २०२२ मध्ये सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक कंपनीशी करार झाला. त्याला खेळाडूंच्या संघटनेची संमती मिळवताना कारभाराचं स्वतंत्र परीक्षण करायचं ठरलं. डेव्हिड पिल्किंग्टन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने (माजी कर्णधार ग्रॅहम मूरी तिच्यात होते) ऑगस्ट २०२३ मध्ये अहवाल दिला. चालू रचना या कामाला पुरेशी नाही, संचालक मंडळ पूर्ण स्वतंत्र असावं आणि त्याची निवड स्वतंत्र समितीने करावी, असं त्यात सरळ लिहिलं होतं.

यानंतर दोन प्रस्ताव उभे राहिले. पहिला अहवालाला धरून, संघटनेच्या मंडळाचा. दुसरा प्रांतिक संघांचा: ९ पैकी किमान ३ संचालकांनी कुठल्यातरी प्रांतिक संघाच्या मंडळावर काम केलेलं असावं. मतभेद वरवर बघता एवढासाच. पण तेवढ्यावरून अध्यक्ष डेम पॅट्सी रेड्डी यांनी पहिला प्रस्ताव पडला तर पद सोडण्याचं जाहीर केलं आणि खेळाडूंच्या संघटनेने दुसरा मंजूर झाल्यास व्यावसायिक खेळासाठी वेगळी संस्था काढण्याचा इशारा दिला. ३० मे २०२४ च्या विशेष सभेत पहिला प्रस्ताव ३१ विरुद्ध ५९ मतांनी पडला, दुसरा ६९ विरुद्ध २१ ने मंजूर झाला. पुढे नव्या मंडळाच्या अध्यक्षपदी १९८७ च्या विश्वविजेत्या संघाचे कर्णधार डेव्हिड कर्क आले.

कोल्हापूरला हे परकं नाही. प्रांतिक संघांच्या जागी पेठेतल्या तालमी ठेवा, झालं. मैदानं राखणारे, पोरं घडवणारे, वर्गणी गोळा करणारे म्हणतात, आमच्या कामाची जाण असलेला माणूस वर हवा. खेळाडू आणि पैसे देणारे म्हणतात, वरचा माणूस कुठल्याच तालमीचा नको. दोघांचंही खरं आहे, म्हणूनच हे कलम एका ओळीत उरकता येत नाही.

आमच्या मते दुरुस्ती अशी हवी. निवड समितीचे ५ जण वेगवेगळ्या दारांतून यावेत: दोन संलग्न संस्थांच्या सभेने निवडलेले, एक खेळाडूंनी निवडलेला, दोन संस्थेशी संबंध नसलेले (निवृत्त न्यायाधीश, सनदी लेखापाल, विद्यापीठातले क्रीडा संचालक असे). यातल्या कुणीही पुढची चार वर्षं कार्यकारिणीवर येऊ नये. तालमीच्या कामाचा अनुभव हवाच असेल तर तशा ३ जागा ठेवा. पण निवडून आल्यापासून ३० दिवसांत तालमीतलं पद सोडण्याची अट त्याच कलमात घाला, नाही तर पद आपोआप रिकामं. अनुभव घेऊन माणूस वर यावा, तालमीचं मत घेऊन नव्हे. हे वाक्य नसेल तर तीन जागांचं रूपांतर तीन गटांच्या कोट्यात व्हायला पहिली निवडणूक पुरते.

मतदार यादीचं कलमही अपुरं आहे. मसुद्यात तहहयात सभासद आणि संलग्न संघ दोघांनाही प्रत्येकी एक मत आहे. तहहयात सभासद वाढवायला फक्त पावती पुस्तक लागतं, संघ उभा करायला मैदान आणि पोरं लागतात. न्यूझीलंडमध्ये प्रांतिक संघांची मतं तिथल्या संघसंख्येच्या प्रमाणात ठरतात. याउलट क्रिकेट मंडळाच्या कारभारात सुधारणा सुचवणाऱ्या लोढा समितीने क्रिकेटसाठी 'एक राज्य, एक मत' सुचवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१६ ला ते मान्य केलं. महाराष्ट्र, मुंबई आणि विदर्भ अशा तीन संघटना एका राज्यात असल्याने आपल्याकडे ती अट जाचक ठरली, आणि ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालात ती सैल झाली. कुठलीही पद्धत घ्या, पण यादी गोठवण्याची तारीख घटनेतच हवी. निवडणुकीच्या आधीचे ९० दिवस नवा सभासद मतदार होणार नाही, एवढं तरी लिहून घ्या.

एक कलम तर काढूनच टाकायला हवं. 'वाद उद्भवल्यास शासनाने नेमलेला प्रशासक कारभार पाहील' असं मसुद्यात आहे. आंतरराष्ट्रीय महासंघांना हे चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला बाहेरच्या हस्तक्षेपाच्या कारणावरून निलंबित केलं, १७ वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात व्हायचा होता तो धोक्यात आला, आणि २६ ऑगस्टला निलंबन उठलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्या कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. प्रशासकाऐवजी तटस्थ निवडणूक अधिकारी आणि ४५ दिवसांत निवडणूक, असं लिहावं.

२०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याचा उल्लेख मसुद्याच्या पहिल्या पानावर आहे, पण आतल्या कलमांत तो उतरलेला नाही. राष्ट्रीय संघटनांसाठी कायदा म्हणतो: कार्यकारिणी जास्तीत जास्त १५ जणांची, त्यात किमान २ नामवंत खेळाडू आणि किमान ४ महिला. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांना सलग तीन मुदती, म्हणजे १२ वर्षांपर्यंत, नंतर एक मुदत बाहेर. या तरतुदी राष्ट्रीय संघटनेसाठी आहेत, पण उद्या वरची संघटना संलग्नतेसाठी तेच मागेल तेव्हा पुन्हा सभा घेण्यापेक्षा आत्ताच ९ पैकी ३ महिला आणि २ खेळाडू अशी सोय करून ठेवणं शहाणपणाचं.

शेवटचा टप्पा चेंज रिपोर्टचा. विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ नुसार बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो दाखल व्हावा लागतो, उशीर झाला की विलंब माफीचा अर्ज वेगळा. कार्यालयाचं हे काम वेळेत होतं, पण जोडपत्रं तोकडी आहेत. नोटीस पाठवल्याचा पुरावा म्हणून ते फक्त सहीचा कागद लावतात. विरोधी गट हरकत घेतो ती इथेच: 'नोटीस मिळालीच नाही.' मग दोन गटांचे दोन चेंज रिपोर्ट, वर्षानुवर्षं तारखा, आणि निकाल लागेपर्यंत बँकेत सहीदार कोण हा घोळ. मैदानाचं भाडं भरायलाही पैसे निघत नाहीत. म्हणून पोस्टाच्या पावत्या, न पोचलेले लिफाफे न फोडता, व्हॉट्सअॅपवर पाठवलं असेल तर त्याच्या छापील प्रती, मूळ हजेरीपत्रक, कार्यकारिणीवर येणाऱ्यांची संमतीपत्रं आणि तिच्यातून जाणाऱ्यांचे राजीनामे, असा संच सभेच्या रात्रीच बांधून ठेवा.

मोठी संघटना, चार-पाच गट आणि निवडणूक तोंडावर असेल तर वरची निवड समिती, मतदार यादी आणि प्रशासक ही तीन कलमं बदलून मिळत असतील तरच हे पॅकेज घ्यावं. एकोप्याने चालणाऱ्या छोट्या मंडळाला ते आहे तसंही पुरेल. दुसरा हप्ता मात्र आवक क्रमांक असलेली चेंज रिपोर्टची पोच आणि त्या संपूर्ण संचाची एक प्रत संस्थेच्या कपाटात आल्यावरच द्या.