मेमटेस्ट८६ प्लस : चोरी पकडतं, चोर मात्र आपणच शोधायचा

नव्या असेंबल पीसीवर विंडोज इन्स्टॉल होता होता अडकतं. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (फाइलमधली माहिती बिघडल्याची सूचना) येते. गेम काही न सांगता बंद पडतो. अशा वेळी सांगलीत विश्रामबागेतल्या दुकानात विचारा नाहीतर गणपती पेठेतल्या, पहिला सल्ला बहुधा एकच मिळतो : विंडोज परत मारा. त्याआधी मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवून बघावं. फुकट आणि ओपन सोर्स आहे. पेनड्राइव्हवरून विंडोजच्या आधी सुरू होतं, त्यामुळे जवळजवळ सगळी रॅम तपासता येते. विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक फारच सौम्य आहे. ते ‘सगळं ठीक’ म्हणालं म्हणून रॅम सुटली असं नाही.

नावातच घोळ आहे. पासमार्क कंपनीचं ‘मेमटेस्ट८६’ वेगळं, त्याच्या फुकट आवृत्तीत ४ पासची (तपासणीच्या पूर्ण फेऱ्यांची) मर्यादा. ‘प्लस’ हवं तितका वेळ चालतं. दुकानातल्या जुन्या पेनड्राइव्हवर ५ क्रमांकाची आवृत्ती असेल, तर ती नव्या यूईएफआय (पीसी सुरू करण्याची नवी पद्धत) मदरबोर्डावर बूटच होत नाही. यूईएफआयची सोय २०२२ मधल्या ६.०० पासून आली, तेव्हा नवीच आवृत्ती घ्या. पेनड्राइव्ह उठत नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम सुरू होऊ न देणारी सोय, तात्पुरतं बंद करा.

पहिला पास मुद्दाम आखूड ठेवलेला असतो, त्यावर विसंबू नका. ३२ जीबीला पुढच्या एकेका पासला तास-दोन तास लागू शकतात. रात्री लावून ठेवावं, किमान ४ पास होऊ द्यावेत. ‘एक-दोन एरर चालतात’ हे साफ खोटं आहे. एकही चालत नाही.

आता उणी बाजू. एरर आली की लाल ओळीत रॅममधल्या जागेचा पत्ता दिसतो, पण तो कुठल्या स्टिकचा (रॅमच्या पट्टीचा) हे कळत नाही. १६-१६ जीबीच्या दोन स्टिक असताना एरर २० जीबीच्या पुढे आली, म्हणजे दुसरी स्टिक खराब, असं गणित अनेक जण मांडतात. ड्युअल चॅनलमध्ये (दोन स्टिक जोडीने वापरण्याच्या पद्धतीत) माहिती दोन्ही स्टिकवर आलटून पालटून पसरलेली असते, त्यामुळे हे गणित चुकतं.

शोध असा घ्यावा. आधी बायोस डीफॉल्टवर आणून एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने चालवणारी तयार प्रोफाइल) बंद करा आणि टेस्ट लावा. आता एरर गेल्या तर रॅमला दोष देण्याची घाई नको. डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) चा मूळ व्होल्टेज १.१, पण ६००० एमटी/सेकंद वेगाच्या प्रोफाइलला बहुधा १.३५ लागतो. हे ओव्हरक्लॉकिंगच (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) आहे आणि प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरला ते झेपेलच असं नाही. बायोस अपडेट करा, ५६०० वर आणून बघा. (अपडेटच्या वेळी यूपीएस हवाच, वळवाच्या दिवसांत लाइटचा काय भरवसा!) चार स्टिक असतील तर दोन काढा. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसर मालिकेत दोन स्टिकना ५२०० ची अधिकृत हमी आहे, चारना फक्त ३६०० ची.

डीफॉल्टवरही एरर आल्या तर पॉवर सप्लायचं बटण बंद करून एकच स्टिक ठेवा, प्रोसेसरपासून दुसऱ्या म्हणजे ए२ स्लॉटमध्ये. काही बोर्डांवर स्लॉटचा खटका एकाच बाजूला असतो, तिथे दुसरं टोक अर्धवट बसलेलं लक्षात येत नाही. बदलानंतर डीडीआर५ चं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो ते) चालू असताना काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते, घाबरून बटण दाबू नका. मग त्याच स्लॉटमध्ये दुसरी स्टिक तपासा. एरर स्टिकबरोबर फिरली तर रॅम खराब. चांगली ठरलेली स्टिक बी२ म्हणजे चौथ्या स्लॉटमध्ये एरर देत असेल तर संशय बोर्डावर, प्रोसेसरच्या सॉकेटच्या वाकलेल्या पिनवर, नाहीतर कूलरच्या एका बाजूला जास्त आवळलेल्या स्क्रूवर. कूलर सैल करून समान कसला की हरवलेला चॅनल परत आल्याची उदाहरणं आहेत. दोन्ही स्टिक सगळीकडे एरर देत असतील तर पाळी प्रोसेसरची. नव्या रॅमवर खोडरबर घासण्याचा प्रकार मात्र टाळा. त्याचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, हाती काही लागत नाही.

आणखी एक कमतरता. ही टेस्ट चालू असताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत, बंद कॅबिनेटमध्ये, गेम चालू असताना तापलेली डीडीआर५ चुकू शकते आणि ते इथे दिसत नाही. म्हणून एक्सएमपी परत चालू केल्यावर कॅबिनेटचं झाकण लावून विंडोजमध्ये टेस्टमेम५ किंवा ओसीसीटी (विंडोजमध्ये चालणारे तपासणी प्रोग्रॅम) तासभर चालवा.

रॅम परत पाठवायची ठरली तर लाल स्क्रीनचा आणि स्टिकवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. किट (एकत्र विकलेली जोडी) असेल तर बहुधा दोन्ही स्टिक पाठवाव्या लागतात. खराब रॅमवर टाकलेलं विंडोज तसंच वापरू नका, नवी रॅम आल्यावर ते नव्याने टाका. दुकानदाराचा तो सल्ला खरा कामाचा इथे.