कारची कंपनीची म्युझिक सिस्टीम बदलली : दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो. या सगळ्या कामात माझा सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा म्हणजे दाराच्या पत्र्याला आतून चिकटवलेल्या, त्याची थरथर मारणाऱ्या डॅम्पिंग शीटचा. स्पीकर आणि ॲम्प्लिफायर त्याच्यानंतर. दुकानात गेलात तर हा क्रम कुणी आपणहून सांगत नाही, कारण शीट काउंटरवर चमकत नाही आणि तिच्यावर वॉट लिहिलेले नसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

गाडी पाच दारांची हॅचबॅक, मधलं व्हेरिएंट. टचस्क्रीन आहे, चार दारांत चार स्पीकर, ट्वीटर (वरच्या सुरांचे छोटे स्पीकर) नाहीत. मी ऐकतो ते मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत आणि जुनी भावगीतं. घरची मंडळी बसली की त्यांची गाणी. कोल्हापुरात राहून गाण्याचा कान नसला तरी गाण्याची ओढ लागतेच. राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी अल्लादिया खाँसाहेब होते, सुधीर फडके जन्मले ते याच गावात, आणि देवल क्लबात मैफल असली की आजही खुर्ची धरायला लवकर जावं लागतं. अशा मैफलीतून घरी परतताना गाडीत तेच गाणं लावलं की फार हिरमोड व्हायचा.

हिरमोड नेमका कशाचा ते सांगतो. डग्गा, म्हणजे तबलाजोडीतला घुमणारा डावा, नव्हताच. तबलजी ‘धा’ वाजवतोय आणि गाडीत ‘ता’ ऐकू येतोय. त्रितालात ‘धिं’ आणि ‘तिं’ यांच्यात फरक असतो तो डग्ग्याचा. तोच गेला तर नवव्या मात्रेची खाली (तालातली टाळी नसलेली जागा) कळणार कशी? कान देऊन मोजावं लागायचं. तानपुरा तर काचेवर अडकलेल्या माशीसारखा वाजायचा, खर्जाची तार गायब. आवाज वाढवला की गाणं वाढण्याऐवजी दार थरथरायचं.

असं का होतं, हे समजून घेतल्यावर पुढचा खर्च ठरवणं सोपं गेलं. काळी एकच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मधला सा सुमारे १३९ हर्ट्झचा आणि खर्जाचा सा त्याच्या निम्मा, म्हणजे ६९ च्या आसपास. दारातला साडेसहा इंची, म्हणजे १६५ मिलिमीटरचा स्पीकर तिथपर्यंत पोचू शकतो, पण त्याला नीट बसायला जागा हवी. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा मागच्या बाजूला बरोबर उलटा दाब तयार होतो. कारच्या दाराला आतून मोठमोठी भोकं असतात आणि त्यांच्यावर फक्त एक पातळ प्लास्टिक असतं. मागचा आवाज त्या भोकांतून पुढे येतो आणि पुढच्या आवाजातले खालचे सूर खोडून टाकतो. शिवाय बाहेरचा पत्रा स्वतःच वाजत राहतो तो वेगळाच. असल्या दारात महागडा स्पीकर बसवला तरी डग्गा येणार नाही.

त्यात कंपनीच्या स्पीकरचं चुंबक छोटं, चौकट प्लास्टिकची. स्टिरिओवर ‘५० वॉट × ४’ असा आकडा असतो, पण तो क्षणभराचा. सतत मिळणारी ताकद, जिला आरएमएस म्हणतात, ती चॅनेलमागे १५ ते २० वॉटच असते.

पहिल्या दुकानात मला डिकीत ठेवायची बास ट्यूब दाखवली. वर चार आकडी वॉट छापलेले, आणि वायर “इथनं कट मारून” जोडायची तयारी. तिथून निघालो. दुसऱ्या दुकानातल्या मिस्त्रींनी काहीही दाखवण्याआधी माझ्या गाडीचं दार बोटाच्या पेरानं ठोकलं. टण्ण. मग दुकानासमोर उभ्या असलेल्या, काम झालेल्या गाडीचं दार ठोकलं. ठप. एवढंच. मी काम त्यांनाच दिलं.

दाराचं काम बघण्यासारखं होतं, मी दिवसभर तिथंच बसलो. दाराचं आतलं पॅनेल क्लिपा न मोडता काढलं, आतला पत्रा पुसून कोरडा केला, मग ब्यूटाइल रबराची, वरून ॲल्युमिनियम फॉइल असलेली शीट तुकड्यातुकड्यांनी चिकटवून छोट्या रोलरनं दाबत नेली. शीटवरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचं, नाहीतर मधे हवा राहते आणि उन्हाळ्यात शीट सुटते. फॉइलच्या कडा बोटं कापतात, मिस्त्रींच्या हातावर खुणाच होत्या. बाहेरच्या पत्र्यावर एक थर, मग आतल्या पत्र्याची भोकं बंद. डांबरी शीट स्वस्त मिळते, ती घेऊ नका. एप्रिल-मेच्या उन्हात ती मऊ पडते आणि गाडीत वास धरते.

इथे एक गोष्ट मिस्त्रींना तोंडानं सांगाच : दाराच्या तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती उघडी राहिलीच पाहिजेत. काचेच्या कडेनं पावसाचं पाणी दारात उतरतं आणि या भोकांतून निघून जातं. ती बुजली तर दारात पाणी साचून पत्रा गंजतो. आपल्याकडचा पाऊस, त्यातून गगनबावडा किंवा राधानगरीकडे जाणं असेल, तर हा मुद्दा आवाजापेक्षा मोठा. जुलैत मी मुद्दाम दार उघडून बघत होतो, पाणी नीट ठिबकत होतं.

याच कारणानं स्पीकरखालच्या रिंगा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) घेतल्या नाहीत. एमडीएफ ओल धरून फुगतो. नव्या स्पीकरचं चुंबक खोल असल्यामुळे काच खाली केली की ती त्याला घासली असती, म्हणून स्पीकर थोडा पुढे काढणं भाग होतं. माप घेतलं आणि उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या रिंगा कातून आणल्या. ज्या गावात फौंड्री आणि लेथ गल्लोगल्ली आहेत तिथे तयार प्लास्टिकच्या रिंगा कशाला घ्यायच्या? अशा तंतोतंत बसल्या की स्क्रू आवळल्यावर नखही शिरेना.

स्पीकरच्या मॉडेलचं नाव सांगत नाही, मॉडेल दर वर्षी बदलतात. बघायचे आकडे सांगतो. पुढच्या दारांत कंपोनंट सेट घ्या, म्हणजे खालच्या सुरांचा वूफर वेगळा, ट्वीटर वेगळा, मधे दोघांना सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर. ॲम्प लगेच घेणार नसाल तर सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक ताकदीत स्पीकर किती मोठा वाजतो तो आकडा, ९० डेसिबलच्या वर हवी. तीन डेसिबलचा फरक म्हणजे दुप्पट ताकदीचा फरक. ८७ वाल्या स्पीकरला जेवढ्या आवाजासाठी ४० वॉट लागतील, तेवढा ९० वाला २० मध्ये देईल. खोक्यावरचा ‘पीक’ किंवा ‘मॅक्स’ आकडा वाचूच नका, आरएमएस विचारा. इम्पिडन्स (स्पीकरचा विद्युत अडथळा) चार ओहम.

ट्वीटर मी आरशाजवळच्या त्रिकोणात बसवले. समोरच्या खांबावर बसवले असते तर दिसायला छान दिसले असते, पण ज्या गाड्यांना कर्टन एअरबॅग (बाजूच्या काचांवर उघडणारी) आहे तिथे त्या खांबाला भोक पाडणं धोक्याचं. दुकानदार आग्रह करतात, ऐकू नका.

वायर जोडण्याआधी मिस्त्रींनी एक साधी तपासणी केली, ती मला फार आवडली. प्रत्येक स्पीकरच्या वायरींना पेन्सिल सेल टेकवला आणि शंकू बाहेर येतो की आत जातो ते बघितलं. एका बाजूचं प्लस-मायनस उलटं लागलं तर एक शंकू बाहेर जाताना दुसरा आत जातो, आणि पुन्हा तेच, खालचे सूर खोडले जातात. मागच्या दारातले कंपनीचेच स्पीकर ठेवले, आवाज कमी करून. कलाकार समोर बसलेला असतो, मागून गाणं ऐकण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

पहिले दोनेक महिने कंपनीच्या स्टिरिओवरच हे चालवलं. खरं सांगायचं तर बरीच मोठी मजल तिथेच झाली. पहिल्याच संध्याकाळी रंकाळ्याला चक्कर मारताना ‘धा’ हा ‘धा’ वाजला. ‘धिं धिं धागे तिरकिट’मधला घुमारा मांडीला जाणवला.

नंतर डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीनं जुळवणारी चिप) असलेला चार चॅनेलचा ॲम्प घेतला, चॅनेलमागे ६० वॉट आरएमएस. आवाज मोठा व्हावा म्हणून नाही. ख्यालात आलाप आणि तारसप्तकातली तान यांच्या आवाजात जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि जोरकस तान आली की कमी ताकदीचा स्टिरिओ फाटतो. आता फाटत नाही. वायरिंगमध्ये तीन गोष्टी. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज हवाच, नाहीतर कुठे वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागेल. पॉवरची वायर एका बाजूनं आणि सिग्नलची दुसऱ्या बाजूनं न्यावी. आणि वायर शुद्ध तांब्याची आहे का बघावं. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते. ब्लेडनं एक तार खरवडली की आत पांढरं दिसतं. ॲम्प सीटखाली, पण कार्पेटवर नाही, प्लायच्या पट्टीवर उचलून. पावसात चपलांनी आलेलं पाणी तिथेच जातं.

डीएसपीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. चालक उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर त्याच्या गुडघ्याशी, डावा लांब. माझ्या गाडीत फरक अर्ध्या मीटरच्या आसपास. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे डावा आवाज दीड मिलिसेकंद उशिरा पोचतो. एवढ्याशानं गायक उजव्या दाराला चिकटून बसल्यासारखा वाटतो. डीएसपी जवळच्या स्पीकरला तेवढा वेळ थांबवतो. जमलं की नाही हे तपासायला जुनी मोनो रेकॉर्डिंग लावा. मोनोत दोन्ही बाजूंना एकच आवाज असतो, त्यामुळे सगळं गाणं बरोबर मध्यावर, एका जागी यायला हवं. थोडंसं जरी पसरलं तर माप चुकलं. आता जुनं नाट्यगीत लावलं की गायक डॅशबोर्डच्या मधोमध, काचेच्या पलीकडे उभा असतो. ही किमया मला या सगळ्या कामात सगळ्यात जास्त आवडली. फक्त बाजूच्या सीटवर बसणाऱ्याला ती मिळत नाही, हे तेवढंच खरं.

इतक्या महिन्यांच्या वापरात कुरकुर दोन गोष्टींची. उन्हाळ्यात इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी बारीक शिट्टी सुरू झाली. अर्थिंगचा बोल्ट सैल झाला होता, खालचा रंगही पुरता खरवडला नव्हता. पत्रा उघडा करून परत आवळला, शिट्टी गेली. आणि दारं शांत झाल्यावर इतर गोष्टी बोलायला लागल्या : मागची नंबर प्लेट, दारातल्या खिशातली बाटली, एक क्लिप. नंबर प्लेटमागे फोम लावला. हे अधूनमधून चालूच राहणार.

पुण्याच्या हायवेला रस्त्याचा आवाज थोडा कमी झालाय, पण टायरची घरघर चाकांच्या कमानींतून येते, तिला दारातली शीट काही करत नाही. छपराला शीट लावलेली नाही, त्यामुळे आंबा घाटात मुसळधार पाऊस लागला की आलाप बंद करावाच लागतो. फोन ब्लूटूथऐवजी केबलनं जोडला तर तानपुऱ्याची जवारी जास्त मोकळी येते, ख्यालाला तेवढा फरक मोलाचा वाटतो.

मित्रांना हे सगळं पटत नाही. आमच्याकडे गणपतीत डॉल्बीसमोर उभं राहून मोठं झालेलं पब्लिक. “भावा, वाजतंय लई भारी, पण बास कुठाय?” हा ठरलेला प्रश्न. ज्यांना नवी मराठी-हिंदी सिनेमाची गाणी ऐकायचीत त्यांनी सीटखालचा आठ इंची ॲक्टिव्ह सबवूफर जरूर घ्यावा. मला नको. माझा हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या आकड्याखालचे सूर अडवणारा) मी ६० हर्ट्झवर ठेवलाय, खर्जाचा सा त्याच्या वरच आहे. आणि आता मी पूर्वीपेक्षा कमी आवाजात ऐकतो, मागून आलेल्या ॲम्ब्युलन्सचा भोंगा ऐकू येतो.

खर्च असा : चारही दारांचं डॅम्पिंग मजुरीसह सुमारे नऊ हजार, कंपोनंट सेट बारा, ॲम्प आणि वायरिंग मिळून अठराच्या आसपास, रिंगा किरकोळ. एकूण चाळीसच्या आत. हातात पंधराच हजार असतील तर पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग करा आणि उरलेल्यात बसेल तो बऱ्या सेन्सिटिव्हिटीचा कंपोनंट सेट घ्या, ॲम्प नंतर.

स्पीकरच्या वायरीला कुठेही कट मारू देऊ नका. प्रत्येक गाडीचा, वायर न कापता जोडणारा कपलर मिळतो, दोनतीनशेचा खेळ. कापलेली वायर दिसली की इलेक्ट्रिकलच्या वॉरंटीवर सर्व्हिस सेंटरला बोट ठेवायला जागा मिळते, तेव्हा काम करण्याआधी त्यांनाही विचारून घ्या. कंपनीचे पुढचे दोन स्पीकर मी स्क्रूंसकट खोक्यात ठेवलेत. जुन्या गाडीच्या बाजारात सिस्टीमचे वेगळे पैसे कुणी देत नाही, त्यामुळे गाडी विकायची वेळ आली की ते परत बसवणार आणि हे काढून पुढच्या गाडीत नेणार. शीट मात्र दारातच राहील.