एल्कसाठी ब्रॉडहेड: मार्च ते सप्टेंबरचा अनुभव

डेन्व्हरजवळ राहतो. कोलोरॅडोत धनुष्याने एल्कची (मोठ्या जातीच्या हरणाची) शिकार सप्टेंबरात असते, म्हणून मार्चपासूनच बाणाला जी-फाइव्ह कंपनीचं माँटेक हे ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीसाठीचं धारदार पात्यांचं टोक, लावून सराव सुरू केला. अख्खं पोलादी, तीन पात्यांचं, वजन 125 ग्रेन, म्हणजे साधारण 8 ग्रॅम.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचं मेकॅनिकल ब्रॉडहेड वापरलं होतं. त्याची पाती मिटलेली असतात, बाण लागला की उघडतात. सराव फार सोपा, बाण साध्या फिल्ड पॉइंटसारखाच, म्हणजे सरावाच्या बिनपात्याच्या टोकासारखाच जातो. पण हंगामात माझा नेम जरा पुढे गेला आणि बाण खांद्याच्या हाडावर बसला. चार बोटंही आत शिरला नाही. दीडशे पावलं रक्ताचे थेंब दिसले, मग काहीच नाही. दोन दिवस शोधूनही जनावर मिळालं नाही. ते अजून मनातून जात नाही. चूक नेमाची होती, हे मान्य. तरी पाती उघडण्यातच बाणाचा काही जोर खर्ची पडतो, आणि तीनशे किलोंच्या नराच्या हाडापुढे तेवढा जोरही मोलाचा असतो.

माँटेकची पाती उघडीच असल्यामुळे वारा धरतात. चाळीस यार्डांवर माझे बाण फिल्ड पॉइंटच्या डावीकडे पाच इंच पडायचे. दोन आठवडे नेमालाच दोष देत बसलो. शेवटी रेस्ट, म्हणजे धनुष्यावर बाण टेकवायचा आधार, केसभर उजवीकडे सरकवली, आणखी थोडी सरकवली, तेव्हा दोन्ही टोकांचे बाण एकाच वितीत बसायला लागले. हे जमेपर्यंत असं फिक्स्ड, म्हणजे न मिटणारं पातं घेऊन रानात जाऊ नये.

धारेसाठी मात्र हे फार आवडलं. दोन पाती एकाच वेळी निसण्यावर सपाट बसतात. आधी धारेवर काळ्या मार्करने रेघ ओढतो आणि घासायला लागतो. शाई कडेपर्यंत पुसली गेली की धार पूर्ण लागली. कडेला काळी रेष उरली तर अजून घासायचं. पाकिटातून काढल्या काढल्या माझ्या नगांची धार मला पुरेशी वाटली नाही. मनगटावरचे केस उडाले नाहीत.

यंदा 22 यार्डांवरून मादीला बाण मारला. बरगड्यांतून आत, पलीकडून बाहेर, बाण मागच्या मातीत रुतलेला. साठेक पावलांवर ती पडली होती. दोन्ही बाजूंनी रक्त वाहिल्यामुळे माग काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

कोलोरॅडोत ब्रॉडहेड निदान सात-अष्टमांश इंच रुंद आणि किमान दोन पोलादी धारांचं लागतं. दुकानात बघून घ्या. छोट्या हरणासाठी मेकॅनिकल घेणाऱ्याला मी अडवणार नाही. एल्कसाठी मी पुन्हा घेणार नाही. यंदाच्या त्या बाणावरच्या माँटेकच्या एका पात्याला बरगडीने बारीक खाच पडली होती, ती निसण्यावर दहा मिनिटांत गेली. तेच पातं आता पुढच्या सप्टेंबरासाठी तेल लावून डबीत ठेवलंय.